धुऱ्यावरची उन्हाळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोळा झाला की आमच्या ओसरीवर कोणी ना कोणी जांभळ्या फुलाची फांदी घेऊन येतं. फांदी तीच आणि प्रश्नही थोड्याफार फरकाने तेच. बरीच वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि आता वावर बघतो, म्हणून लोकांना वाटतं मला ठाऊक असेल. जे ठाऊक आहे ते इथे लिहून ठेवलं आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच बोलीत ठेवले आहेत.

आमच्या धुऱ्यावर जांभळ्या फुलाचं झुडूप हाये, थे कोनतं?

धुरा, म्हणजे शेताचा बांध, मुरमाड असेल, झुडूप गुडघ्याएवढं असेल आणि ढोरांनी त्याला तोंड लावलेलं नसेल, तर बहुधा ती उन्हाळी. संस्कृतात शरपुंखा. नागपूरकडचे हिंदी बोलणारे शेजारी तिला सरफोंका म्हणतात.

झुडूप बुडाशी लाकडासारखं टणक असतं आणि तिथूनच फांद्या पसरतात. चांगल्या जागी ते कमरेपर्यंतही जातं, पण आपल्या बरडावर, म्हणजे हलक्या खडकाळ जमिनीवर, एवढी उंची क्वचित. लांबून रंग राखाडी हिरवा दिसतो, कारण पानांच्या खालच्या बाजूला आणि कोवळ्या फांद्यांवर बारीक लव असते. पान संयुक्त, म्हणजे एका दांड्यावर समोरासमोर छोटी दलं आणि शेंड्याला एक एकटं दल. म्हणून मोजाल तेव्हा आकडा विषमच यायला हवा. साधारण ११ ते २१ दलं भरतात. प्रत्येक दल बुडाकडे निमुळतं आणि टोकाशी गोलसर, आणि त्या गोल टोकावर एक बारीकसा काटेवजा बिंदू असतो. तो टोचत नाही.

शेंग चपटी, तीन ते पाच सेंटिमीटर लांब, टोकाकडे किंचित वर वळलेली. तीत पाच-सात बिया असतात. शेंगा तुरीसारख्या घोसात न लागता लांब दांड्यावर अंतराअंतराने लागतात.

थे पान तोडून पाहाची युक्ती काय हाये?

एक ताजं दल घ्या. एका हाताच्या चिमटीत टोक, दुसऱ्या चिमटीत बूड, आणि हळूच ओढा. साधं पान आडवं किंवा वेडंवाकडं फाटतं. उन्हाळीचं दल मात्र मधोमध इंग्रजी व्ही अक्षरासारखं फाटतं. एका तुकड्याला टोक येतं आणि दुसऱ्याला तशीच खाच पडते.

कारण पानाच्या शिरांत आहे. मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना बारीक शिरा निघतात, त्या एकमेकींना समांतर, दाट आणि तिरप्या होऊन काठापर्यंत जातात. ताण पडला की पान शिरा तोडत नाही, दोन शिरांच्या मधून फाटत जातं. दोन्हीकडून तसंच फाटल्यामुळे बाणाच्या मागे लावलेल्या पिसांसारखा आकार उरतो. शर म्हणजे बाण आणि पुंख म्हणजे बाणाचा तो पिसांचा भाग. ज्याने कोणी हे नाव ठेवलं त्याने पान नक्की ओढून पाहिलं असणार.

वर्गात मी ही युक्ती दाखवली की तास तिथेच संपायचा. पोरं शाळेच्या कुंपणाजवळच्या एका झुडपाला पार बोडकं करून यायची.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. वाळलेलं पान असं फाटत नाही, त्याचा चुरा होतो. आणि उन्हाळीच्या जवळच्या बहिणींची पानंही अशीच फाटतात. त्यामुळे या परीक्षेत घराणं कळतं, नेमकं माणूस कळत नाही. पुढची ओळख शेंगेवरून करायची.

उन्हाळीच काहून म्हनतात? फुलं तर पावसाळ्यात येतात.

दोन कारणं ऐकली आहेत. गवत वाळून पिवळं पडतं तेव्हाही ही हिरवी राहते, म्हणून उन्हाळी, हे एक. लघवीला जळजळ होते त्यालाही आपण ‘उन्हाळी लागली’ म्हणतो आणि जुनी माणसं त्यावर या झाडाचं मूळ देत, म्हणून तेच नाव झाडाला चिकटलं, हे दुसरं. मला दुसरं जास्त पटतं, पण गुराखी पहिलंच सांगतात, आणि झाडाजवळ दिवस काढणारे तेच आहेत.

शास्त्रीय नाव काय?

टेफ्रोसिया पर्प्युरिया. लिनियसने १७५३ साली तिला क्रॅका पर्प्युरिया असं नाव दिलं होतं आणि पर्सूनने १८०७ मध्ये तिला टेफ्रोसिया वंशात आणलं. ग्रीक भाषेत ‘टेफ्रोस’ म्हणजे राखेच्या रंगाचं. पानावरच्या लवेमुळे हे नाव पडलं. पर्प्युरिया म्हणजे जांभळी. कुल शिंबावंत, म्हणजे शेंगावाल्यांचं, आणि त्यातही पलाश उपकुल. तूर, हरभरा, भुईमूग आणि आपला पळस, सगळे तिथलेच.

हे म्हने राजस्थानच्या वाळवंटात बी उगवते. मग आपल्याकडं कसं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, म्हणून उत्तर लांबेल.

थरच्या वाळवंटात रेताड माळावर आणि स्थिरावलेल्या टेकड्यांवर उन्हाळी खरंच मुबलक आहे. जैसलमेरला वर्षाकाठी २०० मिलिमीटर पाऊसही धड पडत नाही. आपल्या अकोल्याकडे त्याच्या चारपट पडतो आणि गडचिरोलीकडे तर सहा-सातपट. विदर्भ वाळवंट नाही, हे सांगायची गरज नाही. तरी झाड दोन्हीकडे तेच आहे.

याचं कारण असं की झाड जिल्ह्याच्या सरासरीवर जगत नाही. ते जगतं आपल्या मुळाभोवतीच्या वीतभर जमिनीवर. आपला पाऊस जूनपासून चार महिन्यांत पडून जातो आणि पुढचे आठ महिने कोरडे. त्यात मुरमाची जमीन. मुरूम म्हणजे झिजलेला काळा दगड, त्यातून पाणी दोन दिवसांत खाली निघून जातं. काळ्या वावरात दिवाळीला मूठभर माती दाबली तर गोळा होतो, पण दहा पावलांवरच्या बरडावर तेव्हा पायाखाली करकर वाजत असतं. त्या बरडावरची बी, तिच्यापुरती, वाळवंटातच उगवलेली असते. वर चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तेवढं ऊन जैसलमेरच्या झाडालाही परकं नाही.

हे सोसायला तिच्याकडे जी साधनं आहेत ती बघा. पान एकसंध मोठं नाही, लहान लहान दलांत वाटलेलं आहे, त्यामुळे ते लवकर तापत नाही. लव ऊन परतवते आणि पानाजवळची वाफ थोडी अडवून धरते. सोटमूळ मुरमाच्या भेगेतून सरळ खाली जातं. एकदा पांदण, म्हणजे शेतात जायची वाट, रुंद करताना जेसीबीने कड कापली, तेव्हा कापलेल्या भिंतीत उन्हाळीचं मूळ उभं दिसलं होतं. वरचं झुडूप वीतभर होतं आणि मुळाचं टोक काही सापडलं नाही. आणि ऊन फारच झालं तर ती वरच्या फांद्या वाळू देते. बुडखा जिवंत राहतो आणि पाऊस आला की तिथूनच धुमारे फुटतात.

मग कुठं पाहाची?

धुऱ्यावर, पांदणीच्या कडेला, मुरमाच्या खाणीभोवती, रेल्वेच्या रुळांलगत, पडीक बरडावर, ई-क्लासच्या, म्हणजे गावच्या सरकारी चराईच्या, जमिनीवर. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, धानाच्या बांधीत (खाचरात) ती मिळणार नाही, पण बांधीच्या उंच कोरड्या पाळीवर मिळेल. पाणी साचतं तिथे ती टिकत नाही आणि दाट सावलीतही तिचा जीव रमत नाही.

भारी काळ्या वावरात दिसत नाही याचं कारण माती नसून नांगर आहे. दरवर्षी वखरणी-डवरणी होते तिथे सावकाश वाढणाऱ्या रोपाला बुडखा धरायला सवडच मिळत नाही. तेच वावर दोन-तीन वर्षं पडीत टाका, काठाकडून ती आत सरकेल.

आणखी एक पाहिलेलं सांगतो. नवीन रस्त्यावर मुरूम पडला की दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात त्याच्या दोन्ही कडांना उन्हाळी दिसायला लागते. बी मुरमाबरोबर ट्रॅक्टरमधून येत असावी.

फुलं कवा येतात?

साधारण श्रावण-भाद्रपदापासून, आणि आश्विनात भर. ओल असेल तर पुढेही तुरळक येत राहतात. शेंगा दिवाळीपासून वाळू लागतात.

फूल एवढंसं, त्याच्यात पाहासारखं काय हाये?

भिंग घ्या. भिंग नसेल तर मोबाईलचा कॅमेरा जवळ न्या. फूल सात-आठ मिलिमीटरचं, कधी त्याहूनही लहान, पण घडण हुबेहूब तुरीच्या फुलाची. मागे उभी मोठी पाकळी, तिला ध्वज म्हणतात. ध्वजाच्या पाठीवर लव असते. दोन बाजूंना दोन पंख. आणि खाली दोन पाकळ्या कडेने जुळून झालेली होडी, म्हणजे नौतल. त्या होडीच्या पोटात दहा केसर आणि मधोमध स्त्रीकेसर दडलेले असतात. दहांपैकी नऊ केसर एकत्र जुळून नळी होते आणि वरचा दहावा बुडाशी सुटा राहतो. त्या फटीतून मधमाशीची सोंड मधापर्यंत पोचते.

गवताची वाळकी काडी घेऊन होडी हलकेच खाली दाबा. आतले केसर वर येतात आणि काडी उचलली की पुन्हा आत जातात. मधमाशी पंखांवर बसली की तिच्या वजनाने हेच घडतं आणि तिच्या पोटाला परागकण लागतात. पुढच्या फुलावर ती ते घेऊन जाते. सकाळी नऊच्या सुमारास झुडपाजवळ बसलात तर लहान रानमाश्या हे काम करताना दिसतील. मात्र त्यांच्या अंगावर सावली पडू देऊ नका, त्या लगेच उडतात.

फुलांची मंजरी फांदीच्या शेंड्याला किंवा पानाच्या समोरच्या बाजूने निघते. ती पानाच्या बेचक्यातून निघत नाही. पुढच्या उत्तरात हे कामी येईल.

नीळ, तरोटा आन् हे, फरक कसा ओळखाचा?

तरोटा सोपा आहे. त्याची दलं तीन जोड्या, फूल पिवळं, शेंग लांब सुईसारखी, आणि शेंड्याला एकटं दल नाही. त्याचं फूलही तुरीच्या घडणीचं नाही. पहिल्या पावसानंतर त्याची भाजी आपण खातोच, तेव्हा तरोट्याला उन्हाळी समजणारा माणूस वैदर्भी नसावा.

निळीच्या रानजाती मात्र फसवतात. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही शरपुंखेचं रूप निळीसारखं म्हटलं आहे, म्हणजे हा गोंधळ आजचा नाही. निळीचा फुलोरा पानाच्या बेचक्यातून निघतो, फुलं बहुतेकदा तांबूस-गुलाबी, शेंग गोलसर नळीसारखी, आणि दल ओढलं तर तो व्ही येत नाही. तीन खुणा जुळल्या तर निकाल द्या, एकीवर देऊ नका.

पिवळं फूल आणि फुगलेली शेंग, हलवली की खुळखुळ वाजते, ती घागरी. तिला खुळखुळाही म्हणतात.

सगळं झुडूप पांढुरक्या दाट लवेचं आणि शेंगही लोकरीत गुंडाळल्यासारखी दिसली, तर ती उन्हाळीची सख्खी बहीण टेफ्रोसिया व्हिलोसा. वैद्य जिला पांढरी शरपुंखा म्हणतात ती बहुधा हीच.

ढोरं याले तोंड काहून लावत नाहीत?

तिच्यात कडवट, विषारी द्रव्यं आहेत म्हणून. शेळी भुकेपोटी शेंडे कुरतडते, पण आवडीने कोणीच खात नाही. यातून ई-क्लासचं कोडंही सुटतं. गावची सगळी ढोरं एकाच माळावर वर्षानुवर्षं चरली की गोड गवतं आधी संपतात. मागे उरतं ते न खाल्लं जाणारं, म्हणजे उन्हाळी, तरोटा, रुई. लोक म्हणतात या झाडानं गवत मारलं. उलट आहे. गवत आपल्या ढोरांनी संपवलं आणि मोकळ्या जागी ही आली. माळावर उन्हाळीच उन्हाळी दिसली तर झाडावर राग काढू नका, ढोरं मोजा.

मुळाले गाठी असतात, तो रोग हाये का?

नाही. सोयाबीनच्या मुळाला असतात त्याच गाठी आहेत त्या. गाठीत रायझोबियम जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात. गाठ नखाने चिरून पाहा. आत गुलाबी-तांबूस असेल तर काम चालू आहे, हिरवट किंवा करडी असेल तर थांबलं आहे. पावसाळ्यात कोवळं झुडूप ओल्या मातीतून अलगद काढलं तरच गाठी मुळाला राहतात, ओढून काढलं तर त्या मातीतच तुटतात.

मग हिरवळीचं खत होईल का?

होतं. तमिळनाडूत तिला कोळिंजी म्हणतात आणि भातासाठी हिरवळीचं खत म्हणून ती मुद्दाम पेरतात. ढोरं खात नसल्यामुळे राखण लागत नाही, हा तिथे मोठा फायदा.

पण आपल्याकडे मी बोरू किंवा ढेंचाच सुचवतो. ते दीड महिन्यात गाडण्याजोगे होतात, तर उन्हाळी सुरुवातीला फारच रेंगाळते. ज्याच्याकडे निव्वळ बरड आहे आणि घाई नाही, त्याने मात्र एका तुकड्यावर करून पाहावं. धुऱ्यावरची छाटून फळझाडांच्या आळ्यात टाकणं तर कोणीही करू शकतो, त्यात पैसाही जात नाही.

धुऱ्यावरची उपटू का? तणनाशक मारू का?

पिकात रोप आलं तर निंदणात काढा, डवऱ्यानेही सहज निघतं. धुऱ्यावरची राहू द्या.

धुऱ्यावर तणनाशक मारलेलं माझ्या डोळ्यांसमोर आहे. शेजारच्या वावराची कड होती, नाव घेत नाही. आषाढात मारलं, आठ दिवसांत सगळं तांबडं झालं, दिसायला अगदी चोख. त्याच पावसाळ्यात दोन जोराच्या सरींनी धुरा तीन ठिकाणी फुटला आणि आमच्या तुरीच्या तासांत मुरूम येऊन पडला. तो फावड्याने काढायला दोन माणसं आणि एक अख्खा दिवस लागला. उन्हाळीचं खोल मूळ आणि गवताचं वरचं जाळं मिळून धुरा धरून ठेवतात. मूळ मेलं की धुरा म्हणजे नुसता मातीचा ढीग. थरमध्येही उन्हाळीच्या जातकुळीतली झुडपं वाळू थोपवायच्या कामी येतात.

पाला कुटून डोहात टाकला तं मासे वर येतात म्हने?

येतात, आणि म्हणूनच टाकू नका. टेफ्रोसिया वंशातल्या झाडांत टेफ्रोसिन, डेग्युलिन अशी रोटेनोन या कीटकनाशकाच्या जातीची द्रव्यं असतात. ती माशाच्या पेशींची श्वसनक्रिया अडवतात. पाण्यात प्राणवायू असूनही मासा तो वापरू शकत नाही आणि गुदमरून वर येतो. यात मोठा मासा, बोटभर पिल्लू आणि पाण्यातले किडे असा भेद राहत नाही. नाल्याचा तो डोह त्या हंगामापुरता रिकामाच झाला समजा.

काविळीवर मूळ चालते का?

आयुर्वेदात शरपुंखेला प्लीहाशत्रू, म्हणजे वाढलेल्या पाणथरीची वैरीण, म्हटलं आहे. यकृत आणि पाणथरीच्या विकारांत वैद्य तिचा उपयोग करतात, त्यावर प्रयोगशाळांतही काम झालं आहे. म्हणून तिला गावठी भ्रम म्हणून मी उडवून लावत नाही.

पण डोळे पिवळे होणं हा एक रोग नाही. दूषित पाण्यातल्या विषाणूने होतात, पित्ताच्या नळीत खडा अडकला तरी होतात, दारूने यकृत खराब झालं तरी होतात. खड्याला कुठलंच मूळ हलवत नाही. आधी रक्त तपासा, पोटाची सोनोग्राफी करा, मग वैद्याकडे जायचं तर जा. गरोदर बाईला कावीळ झाली तर एक दिवसही घरी थांबू नका. किती मूळ, कशात उकळून, हे मी सांगणार नाही. ओसरीवर विचारा नाहीतर फोनवर, उत्तर बदलायचं नाही.

बी पेरून लावता येते का?

येते, फक्त बीचं कवच कडक आहे. पाणी आत शिरत नाही म्हणून बी वर्षानुवर्षं मातीत तशीच पडून राहते, आणि म्हणूनच एका पावसाळ्यात सगळी उगवून एका दुष्काळात सगळी मरत नाही. घरी लावायची तर बी जाड रेतीबरोबर दोन तळव्यांत चांगली घासा, कवचाला ओरखडे पडले पाहिजेत, मग रात्रभर भिजत ठेवा. फुगलेल्या बिया सकाळी पेरा. थेट जागेवरच पेरा, कारण सोटमूळ हललेलं तिला खपत नाही. कुंडीच हवी असेल तर खोल घ्या आणि अर्धा मुरूम घाला.

बी गोळा करायला शेंग तपकिरी झाली की फटकन न्या. वाळल्यावर शेंगेची दोन्ही सालं पिळ घेत उघडतात आणि बिया उडून जातात. दुपारच्या उन्हात झुडपाजवळ बारीक टक् टक् ऐकू येतं, ते हेच.

मोबाईलवर लाल फूल येते, मधात काळा डोळा, वाळवंटातलं. थे आपल्याकडं लागंल का?

ते ऑस्ट्रेलियातलं स्टर्टचं वाळवंटी वाटाणाफूल, स्वेनसोना फॉर्मोसा. तेही शिंबावंतच, उन्हाळीचं दूरचं नातलग. इंग्रज दर्यावर्दी विल्यम डॅम्पियरने १६९९ मध्ये त्याचा नमुना गोळा केला, तो आजही ऑक्सफर्डला आहे. १९६१ पासून ते साउथ ऑस्ट्रेलिया राज्याचं मानचिन्ह फूल आहे. जमिनीवर पसरणारी वेल, बोटभर लांब लालभडक पाकळ्या आणि मधला काळा फुगवटा. दिसायला देखणं, यात वाद नाही.

आपल्याकडे मात्र आषाढ-श्रावणातली ओल त्याला मानवायची नाही, मुळं सडतात. बी ऑनलाइन विकत घेऊन फसलेले दोघे मला भेटले. एकाच्या पाकिटातून गवत उगवलं.

फोटो पाठवला तं ओळखून सांगसान का?

सांगेन, पण फुलाचा एकट्याचा फोटो पाठवू नका, जांभळी फुलं पन्नास झाडांना येतात. पूर्ण झुडूप, फुलोरा फांदीला जोडतो ती जागा, वाळकी किंवा हिरवी शेंग, आणि तळहातावर ठेवलेले ओढून तोडलेल्या दलाचे दोन तुकडे, असे चार फोटो हवेत. जमीन कशी आहे तेही लिहा: काळी, बरड की मुरमाड. आणि फांदीच आणणार असाल तर ओल्या फडक्यात गुंडाळून आणा. पिशवीत कोंबून आणलेलं पान ओसरीवर पोचेपर्यंत वाळतं, मग ते कसंही ओढा, व्ही काही निघत नाही.